ओट्याची उंची

"ओ ताई, मन्हं मशीन!"

हाक ऐकून रुपा गर्रकन वळली. घोटाळा तिथेच झाला, कारण हातातली पाण्याची नळीही तिच्यासोबत वळली. आधी त्याच्या खाकी शर्टाची नुसती बाही भिजली होती. आता एसटीचा तो उंचच्या उंच कंडक्टर चांगला न्हाऊन निघाला. तिकिटाचं मशीन त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं, म्हणून तेवढं वाचलं.

"अगं बाई... सॉरी, सॉरी!" रुपाने नळी खाली टाकली. "मी दगड धूत होते. पाणी मारलं की त्याचा खरा रंग दिसतो ना..."

"मंग? मन्हा दिसना का?"

चैत्रातली भर दुपार, शहाद्याच्या स्टँडसमोरचा रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि हा गृहस्थ भिजून खुशाल हसतोय! रुपाला खरं तर लाज वाटायला हवी होती. तिला हसू आलं.

पहिल्या भेटीत तो तिला ताई म्हणाला, तेवढंच. त्यानंतर पुन्हा कधी म्हणाला नाही.

दुकान तिच्या वडिलांचं, चुडामणआप्पांचं. फरशी, मार्बल, ग्रॅनाइट, सगळं मिळायचं. पण आप्पांची कंबर धरायला लागल्यापासून गिऱ्हाईक रुपाच बघायची, आणि झकास बघायची. दुकानात ती शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठी बोलायची. त्याने गिऱ्हाईक जरा वचकून राहतं, असा तिचा हिशोब.

"ओट्यासाठी दगड हवाय का?" तिने बाईंच्या आवाजात विचारलं.

"हां. रनाळाले नवं घर बांधं. आखाजीले राहाले जानं शे." आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. त्याने रुमालाने कान पुसले. भाग्येश त्याचं नाव, ड्यूटी शहादा डेपोत. मग त्याची नजर गल्ल्यामागच्या पाटीवर गेली आणि त्याने ती मोठ्याने वाचली, "कापलेला माल परत घेतला जाणार नाही." वर म्हणाला, "बापरे! मंग इचार करीसनच लेनं पडी."

"घ्या की विचार करून," रुपा म्हणाली. "घाई कोणाला आहे?"

ओटा घ्यायला कोणीही आलं की रुपाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ओट्याची उंची कोणाच्या मापाने? स्वयंपाक करणारीने हात कोपरात वाकवायचा, कोपराखाली चार बोटं सोडायची, तिथे ओटा. त्या दिवशी भिजवाभिजवीच्या गडबडीत हा प्रश्न राहून गेला. नंतर मात्र तिने तो मुद्दामच विचारला नाही. आपल्याकडे पोराचं लग्न ठरलं की आधी स्वयंपाकघर नवं होतं, हे तिला का ठाऊक नव्हतं? उंची विचारली असती तर उत्तरात कोणीतरी एक मुलगी येऊन उभी राहिली असती. ती येईल तेव्हा येवो बापडी, आपण कशाला बोलावून घ्या!

भाग्येशने पांढऱ्या मार्बलचा तुकडा पिशवीत टाकून नेला आणि दोन दिवसांनी परत आणला. मधोमध लालभडक डाग.

"ठेचा सांडना," तो म्हणाला. "निंघेच ना."

"निघणारच नाही. मार्बल पितो सगळं. हळद पितो, लिंबाने तर त्याची चमकच जाते. नंदुरबारच्या मिरचीपुढे त्याचा काय पाड लागणार?"

मग क्वार्ट्ज गेला. तो दिसायला देखणा, पण गरम तवा ठेवला की डाग पडेल, असं रुपाने स्वतःच सांगितलं. कडप्पा स्वस्त, पण त्याचे पापुद्रे सुटतात. हिरवा ग्रॅनाइट चांगला होता. त्यात काही खोट सापडेना, तेव्हा तो "जरा उदास दिसतो" असं तिने ठरवलं.

"उदास?" भाग्येशने दगडाकडे वाकून बघितलं. "माले ते बरा दिसी ऱ्हायना."

"रोज सकाळी उठून त्याचं तोंड बघायचंय," रुपा ठामपणे म्हणाली.

"तोंड ते रोज चांगलंच दखाले पायजे," तो म्हणाला. आणि दगडाकडे बघायचं सोडून भलतीकडेच बघत राहिला...

रुपाने घाईघाईने टेप गुंडाळायला घेतली. टेप मुळात गुंडाळलेलीच होती.

गाडी लागायला अवकाश असला की तो यायचा. थंडगार दगडावर हात ठेवून उभा राहायचा, बसमधल्या गमती सांगायचा. अर्ध्या तिकिटासाठी मिशी फुटलेल्या पोराला लहान म्हणणारी आजी, खिडकीसाठी भांडून मग गळ्यात गळा घालून उतरलेल्या दोघी विहिणी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला की "उनू, उनू!" करत पळायचा. तो गेला की रुपा त्याने हात ठेवलेल्या जागी हात ठेवून बघायची. दगड तेवढाच कोमट झालेला असायचा.

रुपाला तो आवडला होता. आडपडदा कशाला ठेवायचा? चांगला भरपूर आवडला होता. आणि म्हणूनच तिच्या जिवाला घोर लागला होता. दगड ठरला की त्याचं येणं संपणार. नाही ठरला, तरी आखाजी काही थांबणार नव्हती. त्यातून मार्बलवर तो लाल डाग पाडणारी ती कोण असेल, हा विचार वेगळाच छळायचा. ठेचा सांडणारी, हिरव्या बांगड्यांची... चांगलीच वेंधळी दिसते, असं रुपा मनात म्हणायची आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं.

आप्पा खाटेवर पडून सगळं ऐकत असायचे. एकदा न राहवून म्हणाले, "रुपे, तू माल इकी ऱ्हायनी का गिऱ्हाईक पयाडी ऱ्हायनी?"

"त्यांना चांगला दगड मिळायला नको का, आप्पा?"

"चांगला दगड!" आप्पांनी कूस बदलली. "आखाजी उनी डोकावर. उद्या तू सोता जाय रनाळाले, माप ली ये, नि एक दगड कर नक्की. मन्ही कंबर आते बसमा टिकाव नही."

निरोप मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन भाग्येश घरी थांबला होता. रुपा नंदुरबारवरून गाडी बदलून रनाळ्याला उतरली, ती मनाची तयारी करूनच. माप घ्यायचं, त्या मुलीला हसून शुभेच्छा द्यायच्या, निघायचं. उगाच गळा काढायचा नाही.

घरात रंगाचा ताजा वास होता. दारातच खुर्चीवर पाय लांब करून एक बाई बसल्या होत्या. भाग्येशच्या आई, छबूबाई.

"उनी का दगडवाली? ये माय, बठ." त्यांनी रुपाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोड हसल्या. "आते तरी ठरावा व माय दोन्हीजन. मी ते पह्यलाच दिन सांगं, काया ग्रॅनाइट लई टाक. पन हाऊ रोज एक नवा तुकडा लई येस! म्हनस, दगडवाली म्हनस हाऊ नको."

रुपा जागच्या जागी थांबली. आत पाण्याचा तांब्या भरत असलेल्या भाग्येशची पाठ एकदम ताठ झाली.

"काळा? पहिल्याच दिवशी?" रुपाने विचारलं. "मग तो डाग... तो कोणी पाडला?"

"कोन? हाऊच! मन्हा गुडघा गयात तवपाईन रांधानं याज करस. भाकर चांगली थापस, पन सांडालांडी भलती."

हिरव्या बांगड्या, वेंधळी मुलगी, सगळं एका क्षणात विरघळून गेलं. रुपाने तोंडावर ओढणी धरली, नाहीतर ती मोठ्याने हसली असती.

स्वयंपाकघरात खिडकीपाशी ओट्याचे विटांचे आधार बांधून तयार होते. चांगलेच उंच. त्यांच्या शेजारी मात्र जागा मोकळी होती आणि विटा नुसत्याच रचून ठेवल्या होत्या. रुपाने टेप काढली. इतके दिवस गिळून टाकलेला प्रश्न आता ओठांवर आला.

"ओट्याची उंची... कोणाच्या मापाने?"

"हाई मन्हा मापनी," भाग्येशने उंच आधारांवर हात ठेवला. "वाकीसन भाकरी थापी थापी पाठ गयी मन्ही."

"आणि ही शेजारची?"

"तठली आजून ठरेल नही."

"मावशींची?"

"माय म्हनस, मी ते आते बठीसनच खासू." त्याने एक वीट उचलली, पुन्हा तिथेच ठेवली. "मिस्तरी रोज इचारस, कितली घेऊ? मी काय सांगू? जिनं माप लेवानं, ती रोज माले नवा दगड दखाडस..."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात आखाजीचा झोका बांधत होते, पोरींचा कलकलाट चालला होता. रुपाला तो दुरून आल्यासारखा ऐकू येत होता. बाईंची शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली.

"मंग आते सांगस? इतला दिन काबर नही?"

"दगड ठरी जाता ते दुकानमा कसाले येतू? आनि तू तरी! हिरवा दगड उदास दिसस म्हने!"

"दिसस!" म्हणताना रुपाचा आवाज हलला. डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "उदासच दिसस तो."

"रुपा..." त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "उभी ऱ्हाशी का आठे? मन्हा बाजूले?"

पदर खोचावा तशी रुपाने ओढणी कमरेला खोचली, मोकळ्या जागेसमोर जाऊन उभी राहिली आणि हात कोपरात वाकवला. भाग्येशने टेप धरली. कोपराखाली त्याने आपली चार बोटं ठेवली.

"तुन्ही बोटं मोठी शेतस," ती हळूच म्हणाली. "मन्ही धर."

"धरं का माप?" बाहेरून छबूबाईंचा आवाज आला. "का मी उठू?"

"धरं, माय!" दोघंही एकदमच ओरडली.

रुपाने तिथूनच फोन लावला. "आप्पा, काया ग्रॅनाइट कापाले काढा. दोन उंचीना ओटा शे. एक भाग्येशनी."

"दोन?" आप्पांना कळेना. "एक पोऱ्यानी. दुसरी कोनी?"

"दुसरी..." रुपाने भाग्येशकडे बघितलं. "दुसरी मन्ही, आप्पा."

पलीकडे आप्पांनी घसा खाकरला. आवाज जरा ओला होता, पण दुकानदाराचाच होता.

"त्याले सांगी ठेव. कापेल माल आपन परत लेतस नही."

"ती पाटी त्यानी पह्यलाच दिन वाची लिन्ही, आप्पा."