सतरा आटे

हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी रोज देवापुढं बसणारी बाई आहे, खोटं लिहून मला काय मिळायचं?

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे.

साल १९७२. श्रावणातला दुसरा शुक्रवार. जागा म्हणजे भिंगारमधलं आमचं भाड्याचं घर. दोन खोल्या, पुढं फरशीचं अंगण आणि अंगणात आमची जुनी अँबॅसिडर. हे, म्हणजे माझे यजमान, तीच टॅक्सी म्हणून चालवायचे.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. श्रावण असून फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता.

गाडीच्या स्टिअरिंगच्या दांड्यावर एक रबरी बूट असतो. पेटीच्या भात्यासारखा, वळ्यावळ्यांचा. आतलं तेल तो धरून ठेवतो आणि धूळ आत जाऊ देत नाही. आमच्या गाडीचा तो फाटला होता. गाडी उभी राहील तिथं काळा डाग पडायचा. स्टिअरिंग जड झालं होतं, मध्येच खडखडायचं.

शेजारच्या लंकाबाई डोकावून म्हणाल्या, "गाडीला बी बूट लागतोय व्हय? हितं मानसाच्या पायात चप्पल न्हाई."

हे हसले. पण मनातून काळजीत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे यांच्या बहिणीला, पुष्पावतीला, जामखेडहून बाळंतपणासाठी आणायचं होतं. तिचे दिवस भरत आले होते. असल्या स्टिअरिंगच्या भरवशावर तिला गाडीत बसवायची यांची छाती होत नव्हती.

गनीभाई मेकॅनिक सकाळीच नवा बूट देऊन गेले. जाताना बजावलं, "जुम्म्याची नमाज पढून येतो. तोवर जॅक लावू नका. हे दोन माणसांचं काम आहे."

यांना दम कुठला?

मी त्या चातुर्मासात मौन धरलं होतं. दुपारी नैवेद्य दाखवला की दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. हे रोज रस्त्यावर असतात, त्यांना उदंड आयुष्य मिळावं म्हणूनच ते व्रत होतं.

यांना ते माहीत होतं. पण कामाच्या नादात विसरले.

मी आत देवापुढं माळ घेऊन बसले. बाहेर जॅक कुरकुरला. चाक काढून भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग हे उताणे होऊन गाडीखाली सरकले.

हातोडीचे ठोके पडले.

मग यांची हाक. "अगं, जरा बाहेर ये. दांड्याचं टोक उघडतोय. किती आटे निघतात ते मोज. परत तेवढेच बसवायचेत, नाहीतर चाक वाकडं बसेल."

मला चुटपुट लागली. वाटलं, एवढी माळ पुरी करावी आणि उठून खुणेनं सांगावं.

तेवढ्यात अंगणातून उत्तर आलं...

"आले."

लंकाबाई आल्या असतील, असं वाटलं मला. बरं झालं म्हटलं.

"एक... दोन... तीन..."

माझी माळ जागीच थांबली.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मला आला. 'तीन' म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते, लहानपणापासून. बाहेरचा आवाजही तिथंच अडखळला.

मी ओठांवर हात ठेवला.

ओठ मिटलेले होते.

बाहेर माझा आवाज म्हणाला, "चौदा."

"पंधरा... सोळा... सतरा..."

"सतरा. निघालं बघ," हे खालून म्हणाले.

मी उठून खिडकीशी गेले. अंगणात कुणी नव्हतं. गाडी होती. भिंतीला टेकवलेलं चाक होतं. गाडीखालून यांचे गुडघ्यापासूनचे पाय दिसत होते. लंकाबाईंच्या कोंबड्या दिवसभर आमच्या अंगणात टोचत असतात. एकही नव्हती. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

"साबणाचं पाणी दे इकडं. बूट चढत नाहीये."

फरशीवरची वाटी हलली...

आणि गाडीखाली सरकली. हात दिसला नाही.

"चढला बघ," हे खुशीत होते. "आता गनीभाईची काय गरज? तूच मेकॅनिक."

ती हसली.

मी तशी हसत नाही.

पुढचं काम भराभर झालं. सतरा आटे मोजून टोक परत बसलं. यांनी तारेनं बूट आवळला. मग म्हणाले, "आत बसून स्टिअरिंग डावीकडं फिरव बरं. बूट कुठं ओढला जातोय का बघतो."

गाडीचं दार उघडलं नाही.

काचेतून मला स्टिअरिंग दिसत होतं. ते डावीकडं फिरलं... हळूहळू... पार टोकापर्यंत.

"आता उजवीकडं."

उजवीकडं फिरलं.

"बस."

थांबलं.

"मागच्या चाकांचे दगड आहेत ना नीट?"

"आहेत."

दगड नव्हते. माळेला बसण्याआधी यांना दोन मोठे दगड लावताना मी स्वतः पाहिलं होतं. आता ते कुंपणाशी होते. एकावर एक, नीट रचून ठेवलेले.

इतका वेळ तो आवाज विचारलं तेवढंच बोलत होता. आता आपणहून बोलला...

"अजून आत सरका."

"कशाला?"

"पलीकडच्या बाजूनं तेल गळतंय."

हे सरकले. गुडघ्यापर्यंत दिसणारे पाय घोट्यापर्यंतच दिसायला लागले.

तोवर मी एकही नेम मोडला नव्हता. तापात असताना मोडला नव्हता, वडील गेले त्या दिवशीही नाही. पण ज्यांच्यासाठी मौन होतं तेच गाडीखाली होते.

मी दारात गेले आणि बोलले. "अहो, बाहेर या."

बॉनेटशेजारून माझाच आवाज आला. "अहो, येऊ नका. थोडंच राहिलंय."

यांचे पाय थांबले.

"कोण बोलतंय?"

"मी," मी म्हणाले.

"मी," ती म्हणाली.

हे हलेनात. कुणाचं ऐकावं? दोन्हीकडं बायकोच होती. आणि मला दिसत होतं... जॅक कलायला लागला होता. कुणीतरी बोटानं ढकलावा तसा, सावकाश.

मी धावले. धावताना तोंडातून यांचं नाव गेलं.

"राधाकृष्ण."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. उखाणा सोडला तर ते नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. देवाचं नाव, पण यांचं असल्यामुळं जपातसुद्धा टाळायचे. ते अंगणात मोठ्यानं ऐकलं आणि हे दचकले. अंग चोरून बाहेर आले.

पाय, छाती, डोकं... आणि गाडी खाली बसली. फरशीचे दोन तुकडे झाले.

गनीभाई त्याच वेळी फाटकातून आत आले. यांना पाणी पाजलं, हातपाय चाचपून पाहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "भाभी, मी कोपऱ्यावर होतो तेव्हा तुम्ही आटे मोजत होत्या. तिथवर ऐकू येत होतं. एवढ्या मोठ्यानं तुम्ही कधी बोलत नाही."

मी त्यांना सांगितलं, मी मोजत नव्हते.

गनीभाईंनी टोपी काढली, परत घातली. जॅक उचलायला त्यांनी हात पुढं केला नाही.

पुष्पावतीला यांनी दुसऱ्या दिवशी एसटीनं आणलं. तिला मुलगी झाली, सगळं नीट पार पडलं. मी चौकशी केली. गाडीचे आधीचे मालक संगमनेरचे, अजून हयात आहेत. गाडीत कुणी मेलेलं नाही. आमच्या घरात, अंगणात कधी काही वाईट घडलेलं नाही. सांगायला कारण असतं तर बरं झालं असतं.

आमच्यात मग एक ठरलं. मी दुसऱ्या खोलीतून हाक मारायची ती नाव घेऊन. नुसत्या 'अहो'ला हे ओ देत नसत. लंकाबाई म्हणायच्या, "लई शिकल्याली झालीस बया, नवऱ्याला नावानं हाका मारतीस." मी ऐकून घेतलं.

गेल्या श्रावणात हे दुपारी जेवत होते. मी समोर बसून वाढत होते. मौन होतं.

अंगणातून हाक आली...

"राधाकृष्ण, जरा बाहेर या."

"आलो," असं म्हणत हे अर्धे उठलेसुद्धा.

मग यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात भाकरी होती. माझे ओठ मिटलेले होते.

हे खाली बसले. हाक अजून दोनदा आली. आम्ही दोघं ताटाकडं बघत राहिलो.

तेव्हापासून मी यांना हाक मारत नाही. काही हवं असलं तर उठून जाते आणि खांद्याला हात लावते.

हे सगळं आज लिहायला बसले, त्याला कारण परवाची गोष्ट. दुपारी मी देवळात पोथी ऐकायला गेले होते. उन्हातनं घरी आले तर हे खाटेवर बसून खांदा चोळत होते.

म्हणाले, "मघाशी हात किती गार होता गं तुझा."

मी नाही म्हणून मान हलवली.

हे कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिले. मीच आहे का, ते बघत असावेत.