यमुनाबाईंची कण्हेर

"कोणाचं ध्यान आहे हे? खायला दुसरं काही मिळालं नाही होय तुला?"

गडग्यापलीकडचं पुटपुटणं ऐकून वेदिका टाचा उंचावून डोकावली. बँकेच्या बदलीवर राजापूरहून मांडवीत येऊन तिला चारच दिवस झाले होते, आणि तिचा बोका बिब्बा शेजाऱ्याच्या काखेत लोंबकळत होता.

"माझं ध्यान आहे," ती म्हणाली.

शेजारी ओशाळला… मग लागोपाठ तीनदा शिंकला. "लिलीचं पान खाल्लंय याने. मांजराला विष असतं ते, किडन्या जातात. रोपं विकतो मी, मला ठाऊक आहे. चला, गाडी काढतो."

बिब्बाला तीन दिवस सलाईन लागलं. तिन्ही दिवस तो शेजारी, हर्षद, नाकाला रुमाल लावून दवाखान्याच्या बाकावर तिच्या शेजारी बसला. चौथ्या दिवशी त्याच्या अंगणातून लिली गेली. मग मनीप्लांट गेला. विषारी झाडांपैकी कण्हेर तेवढी राहिली — तिची फुलं त्याच्या आईच्या देवांना लागत, म्हणून तिला नुसती जाळी मारली.

"अहो, राहू द्या ना झाडं… मी कोंडून ठेवीन त्याला."

"कशाला? येऊ दे की."

बिब्बा यायचा. त्याला शोधायला वेदिका यायची. हर्षदच्या आई, यमुनाबाई, न विचारता तीन कप चहा टाकायच्या. हे काय चाललंय, ते मात्र कोणीच बोलत नव्हतं.

वर्षभराने राजापूरला परत जायची ऑर्डर आली. रविवारी सकाळी, एसटीच्या आधी, वेदिका टोपलीत बिब्बाला घेऊन निरोपाला गेली, तर कण्हेरीच्या जागी लाल मातीचा खड्डा.

"काल उपटली त्याने," यमुनाबाई म्हणाल्या. "म्हटलं, अरे, मांजर तर उद्या चाललं, आता कशाला? तर नुसता खणत राहिला. तूच विचार गो."

वेदिकाने हर्षदकडे पाहिलं. हर्षद टोपलीकडे पाहत होता.

"बिब्बाला… ठेवून घ्यायचंय का तुम्हाला?"

"मांजरं मला सोसत नाहीत," तो शिंकून म्हणाला. मग त्याने मान वर केली. "मला तू हवी आहेस, वेदिका. इथे राहून ये-जा कर, नाहीतर मी राजापूरला येतो. फक्त तिथे अंगण असलं, तर आधी मला बघू दे… काय काय उपटायचंय ते."