चार वाजून दहा मिनिटांची सावली

एडविन गुरुजी खर्ड्याला निघाले ते एका सहीसाठी. काम तसं साधं. पण साध्या कामासाठी सरकारदरबारी किती चपला झिजवाव्या लागतात, हे त्यांना वर्षभरात चांगलंच कळलं होतं.

त्यांची लेक एंजेला विमान चालवायला शिकवायची. मागच्या जानेवारीत एका दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिचं छोटं विमान खर्ड्याजवळ ज्वारीच्या रानात कोसळलं आणि ती गेली. चौकशीच्या मसुद्यात लिहिलं होतं, इंजिन शेवटपर्यंत व्यवस्थित चालू होतं, चूक वैमानिकाची. वा रे चौकशी! इंजिन मध्येच बंद पडतं, असं तिनं दोनदा लिहून दिलं होतं. विमानाच्या नोंदवहीतली नेमकी तीच पानं गायब. आणि त्या प्रशिक्षण संस्थेचा मालक कोणत्या पुढाऱ्याचा व्याही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हरकत घ्यायला आता उद्याचा एकच दिवस उरला होता. तो गेला की पोरीच्या नावापुढे ती चूक कायमची लागणार होती.

बांधावर सहादेव भेटला. रान त्याचं, विमान पडताना पाहिलं त्यानं आणि पंचनाम्यावर सहीही त्याचीच.

"इंजिन चालू होतं, असं तुम्ही सांगितलंत?"

"म्या कशाला सांगू? बंद हुतं, गुरुजी. घारीवानी गप आलं."

"मग सही कशी केलीत?"

"कोऱ्या कागदावर केली. हवालदार म्हनला, मागनं भरतो. गारपिटीच्या पंचनाम्याला बी आमी तसंच करतो की."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं. वाचून मग सही करा, एवढं सांगायचं मात्र राहूनच गेलं!

"मग आता खरं काय ते लिहून द्या."

सहादेव खाली बघायला लागला. "पुतन्याला त्या मालकानंच नोकरीला लावलंय... मला न्हाई जमायचं."

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते काही बोलणार, तोच पाखरं एकदम गप्प झाली. वारा होता, ज्वारीची ताटं हलत होती, पण सळसळ ऐकू येत नव्हती. कुठूनसा पेट्रोलचा वास आला. सहादेवनं त्यांचा दंड घट्ट धरला.

"चार धा झाले... वर बघू नका."

गुरुजींनी वर पाहिलंच. आभाळ निरभ्र होतं. खाली मात्र कणसांवरून एक सावली येत होती. दोन पंख, मागे शेपूट. ती दोघांच्या अंगावरून गेली तेव्हा भर उन्हात हुडहुडी भरली. बांधापलीकडे ती दिसेनाशी झाली आणि पाखरं पुन्हा बोलू लागली.

"रोज येती..." सहादेवनं दंड सोडला. "आवाज न्हाई... त्या दिवशी बी नव्हता." मग त्यानं हात पुढे केला. "आना कागद. पुतन्याचं काय व्हईल ते व्हईल."

या खेपेला त्यानं ओळ न् ओळ वाचली आणि मगच सही केली.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब नगरच्या विश्रामगृहात आले. मालकानं पाठवलेल्या गाडीतून आले, मालकाच्याच घरचं मटण जेवले. अकरा वाजल्यापासून बाकावर ताटकळलेल्या गुरुजींना त्यांनी चारनंतर आत बोलावलं.

"वर्षानं जाग आली होय या पंचाला?" साहेबांनी कागद बाजूला सरकवला. "गुरुजी, गेलेल्या माणसाची चूक दाखवली की सगळं सुरळीत होतं. कोणाची नोकरी जात नाही, कोणाची संस्था बंद पडत नाही. कशाला उकरून काढता?"

"ती माझी मुलगी होती, साहेब."

साहेबांनी पेन उघडलं. हरकतीच्या कागदावर 'दखल घेण्याची गरज नाही' असं लिहायला सुरुवात केली.

भिंतीवरच्या घड्याळात चार दहा झाले आणि पंख्याचा खडखडाट थांबला. पंखा फिरत होता, आवाज मात्र गेला होता. खिडक्यांना जाड पडदे होते, वर पक्कं छत होतं, तरी टेबलावर दोन पंखांची सावली सरकत आली. साहेब ओरडले असावेत. तोंड उघडलेलं दिसलं, ऐकू काहीच आलं नाही.

रानात ती क्षणात निघून गेली होती. इथे ती साहेबांच्या हातावर येऊन थांबली आणि गडद होऊ लागली, वरून काहीतरी खाली खाली येत असावं तशी. साहेब पेन सोडून हात ओढत होते, पण हात टेबलावरून निघत नव्हता.

गुरुजी जागचे हलले नाहीत.