रेघेबाहेरचा ठिपका

खर्र... डीव्हीडीचा ट्रे आत गेला आणि दुपारभर गप्प पडलेलं अड्यारचं ते घर जरासं हललं.

"अम्मा, पिठाची पायरी आली की सांगते," नित्या उशीला टेकून म्हणाली. बोलून तिला धाप लागली. ओठ कालपासून निळसर दिसत होते. संध्याकाळी इस्पितळात भरती व्हायचं, उद्या हृदयाचं ऑपरेशन. बॅग दाराशी भरून ठेवलेली. चंद्रिका घटकाभर लेकीशेजारी टेकली.

राजपुत्र व्हायलाच नकार देणाऱ्या एका बेडकाचा तो विनोदी कार्टूनपट, त्याचा दुसरा भाग. नित्याचा बाप वेंकट गिंडीतल्या कंपनीत बसून त्यातली गावं, गल्ल्या, घरं रंगवायचा. पहिल्या भागातल्या चुका पकडणं हा बापलेकीचा खेळ. राणीचा तीळ या गालावरून त्या गालावर जातो, चेटकिणीनं रिकामा केलेला पेला आपोआप भरतो. या दुसऱ्या भागात मात्र एक गंमत वेंकटनं स्वतः लपवली होती, नित्याला आधीच सांगून. पाववाल्याच्या पायरीवर सांडलेलं पीठ नीट पाहिलं, तर ते चंद्रिकाचं कोलम होतं, रोज सकाळी ती दारात काढायची ती तांदळाच्या पिठाची रांगोळी. तिच्या नेहमीच्या चुकीसकट. घाईत तिची रेघ साऱ्या ठिपक्यांना वळसा घालायची आणि एक बाहेरच राहायचा.

"आज कोणास बाहेर ठेवलंस गे?" वेंकट चिडवायचा.

सिनेमा लागण्याआधीच तो गेला. गिंडीहून घरी येताना, मोटरसायकलवर. नित्या त्या ठिपक्याला अप्पांचा ठिपका म्हणू लागली. दुखवट्याचं वर्षभर दारात कोलम पडलं नाही. पुढे पडू लागलं, तेव्हा चंद्रिकानं एकही ठिपका बाहेर सोडला नाही. आज सकाळी तर पुन्हा वाकून तपासलं होतं.

"आली! थांबव, थांबव!"

चित्र थांबलं.

रेघेबाहेर दोन ठिपके होते.

धूळ असेल. तिनं तबकडी काढली, पदरानं पुसली, परत लावली. तरीही दोनच.

"अप्पांची चूक असेल कण्णा," चंद्रिका लेकीला लाडानं म्हणाली.

"अय्यो अम्मा! अप्पा चुका पकडायचे. करायचे नाहीत."

चंद्रिका उठून दाराशी गेली.

सकाळचं कोलम तसंच होतं, कोणाचा पाय पडलेला नव्हता. रेघ अखंड, तिच्याच हातची. फक्त ती दोन ठिपक्यांच्या आतून वळली होती, दोघांना बाहेर ठेवून.

तिनं न्हाणीतली बादली आणून पायरीवर ओतली. पीठ विरघळून जिन्यावरून ओघळत गेलं.

पायरी काळी, कोरी झाली. दुखवट्याच्या त्या वर्षी असायची तशी.

खाली रिक्षानं हॉर्न दिला.

आत नित्या उठून टीव्हीपाशी उभी होती, काचेवर बोट टेकवून.

"अम्मा, हा अप्पांचा. त्यांच्या बाजूचा कोणाचा गे?"