खुर्चीचा चौथा पाय

हिशेबाने पाहिलं तर तिला मिळायचं होतं एक पेन. बाबा शुक्रवारी निवृत्त होणार होते, त्यांच्या जुन्या खुर्चीचा पाय मोडला होता, आणि त्याच लाकडाचं पेन त्यांना द्यायचं तिच्या मनाने घेतलं. पाय कातीव, बारीक. वरच्या जाड भागातून पेनापुरता एकच ठोकळा निघे. सोमवारी तो घेऊन ती लाकूड कातण्याच्या दुकानात शिरली, आणि कातार्‍याने फुंकलेला भुसा थेट तिच्या केसांत गेला.

"थांबा, फुंकून काढतो."

"तुमच्या फुंकण्यानेच तर हे झालंय…"

पेनाच्या नळीसाठी भोक पाडायला त्याने ठोकळा लेथवर चढवला. लाकूड गरगर फिरे, समोरचं ड्रिल जागच्या जागी. तो चाक फिरवून ते जरा आत घाली, लगेच मागे घेई, भुसा झटके, पुन्हा आत. तिचा पाय तिथल्या तिथे नाचू लागला. एकदाच काय ते घाला ना, ती म्हणाली.

"घाई केली की लाकूड तापतं," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. ड्रिल मागे घ्यायचं राहूनच गेलं. धूर निघाला, ठोकळा तडकला.

बाकीचे पाय आहेत ना, त्याने विचारलं. आहेत की, ती म्हणाली — जरा जास्तच लवकर.

मंगळवारी दुसरा गेला, बुधवारी तिसरा. कोपऱ्यात पॉलिश करणाऱ्या त्याच्या आत्याने मान वर न करता सुनावलं की ह्याच्या हातून वर्षाला एक ठोकळा तडकत नाही, ह्याच आठवड्याला दृष्ट लागलेली दिसते. त्याचे कान लाल झाले. ती आपल्या चपला निरखू लागली.

गुरुवारी चौथा पाय. हा गेला तर बाबांना पेन नाही. नीट झाला तर उद्यापासून इथे यायला कारण नाही. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

"आज चाक मी फिरवते," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं सांगा."

तो मागे उभा राहिला. "आत… आता मागे. पुन्हा. बस्स. आरपार नको, बाहेर पडतानाच लाकूड फुटतं. टोक नंतर कापू."

लेथ थांबला. भोक सरळ, ठोकळा धड.

"पहिला खरंच चुकून तडकला," तो हळूच म्हणाला. "पुढचे दोन… मुद्दाम."

तिने भुसा झटकला. "मोडला होता एकच पाय. बाकीचे तीन मी कापलेत."

आत्याचं फडकं थांबलं.

"मग उद्या…?" ती म्हणाली.

"उद्या तुम्ही नका येऊ. मीच येतो. चार पाय घेऊन."

शुक्रवारी बाबांनी पेन उलटसुलट करून पाहिलं. "रात्री पडलो की करवत ऐकू यायची," ते म्हणाले. "म्हटलं, बघू तरी कुठवर जाते."

तेवढ्यात दारात तो उभा, काखेत चार नवे पाय.

तर तिला पेनाबरोबर कातारीही मिळाला, त्याला ती, आत्याला चिडवायला हक्काची भाचेसून. ह्या सगळ्याचं मोल मोजलं ते खुर्चीने; आणि पाच दिवस जमिनीवर बसून, चकार शब्द न काढता पेपर वाचणाऱ्या बाबांनी.