हिरव्या गाडीचा ताप

मासूमा होडेकर आत आली, पण बसली नाही. तिच्या हातात जेवणाचा डबा होता. डबा भरलेलाच परत आला होता.

"आजपण शिवले नाहीत त्याला," ती म्हणाली. "चौथा दिवस. करीमभाई, माझ्या माणसाला घरी आणा. मला दुसरं काही नको."

करीम मुकादम मुंबईच्या कस्टममध्ये पंचवीस वर्षं तपासाचं काम करून १९५२ साली रत्नागिरीला परतले होते. राजिवड्यातल्या घराच्या ओट्यावर बसून ते आता लोकांची खासगी कामं पाहत. सोबतीला नेहमी काशीराम मास्तर असत. निवृत्त शिक्षक. मास्तरांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे, आणि दुसऱ्यांदा सांगताना मुकादमांना बहुतेक वेळा स्वतःचीच चूक सापडे.

झालेलं सगळ्या गावाला ठाऊक होतं. लाकडाच्या वखारीचे मालक भाऊसाहेब सुर्वे यांच्याकडे लढाईच्या आधीची एक विलायती गाडी होती. हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीत पळवायची. सोमवारी त्यांच्या पत्नीच्या, राहीबाईंच्या, पोटात असह्य दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, आजच कोल्हापूर गाठा. एस.टी. निघून गेली होती. भाऊसाहेबांनी बायकोला शेजारी बसवलं आणि गाडी काढली.

आंबा घाट अर्धा चढल्यावर इंजिनाचं पाणी उकळलं. वाफेनं समोरचा रस्ता दिसेना. मग इंजिन अडकलं ते कायमचं. तीन तास दुसरी गाडी आली नाही. राहीबाई तिथंच, त्या अरुंद बैठकीवर गेल्या.

फौजदारांनी रेडिएटरचं झाकण काढलं, तर आत चुन्यासारखा पांढरा थर होता. हमीद मिस्त्रीच्या गॅरेजात चुन्याचा डबा मिळाला. शिवाय दिवाळीत हमीद भर बाजारात भाऊसाहेबांना म्हणाला होता, "ही गाडी एक दिवस तुम्हाला घाटात दगा देईल." फौजदारांना एवढं पुरलं. त्यांनी हमीदला, मासूमाच्या नवऱ्याला, कोठडीत टाकलं.

"चुना कशाला आणलेला गो?" मुकादमांनी विचारलं.

"नणंदेचं लगीन हाय. भिंती सफेद करायच्या होत्या." मासूमा थांबली. "आता कोण येतंय लग्नाला."

हमीद कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. मुकादमांना पाहून तो उठला नाही.

"गाडी कधीपासून तापायची?"

"पावसाळा सरल्यापासून. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंप उघडून बसवला. तेल बदललं, ठिणगीची वेळ लावून दिली. तरी तापायचीच." तो आपल्या तळव्यांकडे पाहत बोलत होता. "मग रेडिएटरवर हात ठेवून पाहिला. वर चटका बसतो, खाली गार. म्हणजे आतल्या नळ्या बुजल्या. भाऊसाहेबांना म्हटलं, उतरवून मुंबईला साफ करायला पाठवू. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू, शिकारीला जायचंय. म्हणून चिडून बाजारात बोललो."

"नळ्या बुजल्या कशानं?"

"तेच कळलं नाही. विहीर गोडी आहे त्यांची. आणि पाणी घालतो तो लवू. त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं मी. तो चुकणारा माणूस नाही."

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "मुकादम, माणूस बरा आहे. पण चुना तो चुनाच. तो काय आपोआप आत गेला?"

"तेच बघायला चाललोय."

सुर्व्यांच्या अंगणात भाऊसाहेबांचा धाकटा भाऊ रघू भेटला. त्याचे डोळे सुजले होते.

"मला ती गाडी हवी होती, लपवत नाही," तो म्हणाला. "दादा हात लावू देत नव्हता. वहिनीच गुपचूप चावी द्यायची. मी कशाला मोडीन? आणि मोडायचीच असती तर फणसावर नेऊन आपटली असती. चुना कालवत बसायला मी काय गवंडी आहे?"

"पाणी लवूच घालायचा?"

"लवू म्हणजे गाडीचा पुजारी. घरातल्या माणसांच्या आधी तिला पाणी. बाकी आतल्या गाठीचा आहे हं. दर सोमवारी गावाहून दोन मोठे डबे घेऊन येतो. तूप असतं की काकवी, कोण जाणे. आम्हाला कधी बोट चाटवलं नाहीन."

मास्तरांना हसू आलं, पण घरात सुतक होतं हे आठवून ते खोकले.

मुकादम आधी न्हाणीघराकडे वळले. सखू नावाची मोलकरीण तांब्याच्या बंबात विहिरीचं पाणी ओतत होती.

"अगं, जरा थांब. आत बघू दे."

"का? आंघोळ करायची हाय?" सखू म्हणाली.

मुकादमांनी बाही वर करून बंबात कोपरापर्यंत हात घातला आणि आतून बोटं फिरवली. तांबं गुळगुळीत होतं.

"आतून घासतेस कधी?"

"आतून? चार वर्सं झाली, कदी नाय. काय धरतच नाय त्याला."

मग दोघं शेडमध्ये गेले. गाडी तिथं ओढून आणून ठेवली होती. शेजारच्या बैठकीवर एक शाल पडली होती. ती कुणी उचलली नव्हती. मुकादमांनी रेडिएटरच्या तोंडात चाकूचं टोक घालून पांढरा थर खरवडला. तुकडा निघाला. त्यांनी तो नखानं उलगडला. कांद्यासारखे पापुद्रे सुटत गेले.

"मास्तर, भिंतीला सफेदीचे हात किती देता?"

"दोन. फार तर तीन."

"इथं शंभराच्या वर आहेत."

लवू दाराशी येऊन उभा राहिला होता. चाळिशीचा, वाळलेला माणूस. मनगटात एक काळंकुट्ट कडं.

"लोखंडाचं रे कडं?" मास्तरांनी विचारलं. "साडेसाती आहे काय?"

"चांदीचा हाय, मास्तर. लग्नातला. राखेनं घासला तरी आठ दिसांत परत काळा."

"गाव कुठलं तुझं?" मुकादम म्हणाले.

"तुरळ. संगमेश्वराच्या पुढं. गुढीपाडव्याला हितं कामाला लागलो."

"मिस्त्रीनं गाडीचं काय सांगितलं होतं तुला?"

लवू ताठ उभा राहिला. शाळेतला पाठ म्हणावा तसं म्हणाला, "लवू, उन्हाळ्याचं पाणी रोज घालायचं, चुकायचं नाही, असा सांगितलान. म्या थंडीतसुदीक चुकलो नाय. वैनीसाब गेल्या त्या सकाळीपन वरपर्यंत घातला होता." तो गाडीपाशी आला. "माज्याकडून कायपन ऱ्हायला नव्हता, मालक."

शेवटी भाऊसाहेब. ते ओसरीत बसले होते. दाढी वाढली होती.

"हमीदला फासावर दिलंत तरी ती परत येणार नाही, हे मला कळतं," ते म्हणाले. "पण कुणीतरी केलं आहे ना हे? त्याचं नाव मला पाहिजे. नाहीतर मी जगू कसा?"

संध्याकाळी ओट्यावर मुकादम चहा पीत होते. मास्तर कुरकुरत होते.

"तो लवूही अडाणीच. थंडीत कुठनं आणतो हा उन्हाळ्याचं पाणी?"

मुकादमांनी चहाची बशी खाली ठेवली. "पुन्हा म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. पुन्हा म्हणा, मास्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं दोघं बाहेर गेले. दुपारी परतले तेव्हा मुकादमांच्या हातात पाण्यानं भरलेली एक बाटली होती. त्यांनी फौजदारांना सुर्व्यांच्या ओसरीत बोलावलं. भाऊसाहेब, रघू आणि लवू तिथं होतेच. मासूमा पायरीखाली उभी राहिली.

"फौजदारसाहेब, चुना आत टाकला असता तर त्याचा गाळ तळाशी बसला असता," मुकादमांनी सुरुवात केली. "इथं पापुद्र्यावर पापुद्रा आहे. हा थर एका रात्रीत कुणी टाकलेला नाही, रोज थोडाथोडा चढलेला आहे. महिनोन् महिने. जसजसं पाणी वाफ होऊन जातं, तसतसं त्यातलं खनिज मागं राहतं."

"म्हणजे पाणी खराब," फौजदार म्हणाले. "मग विहिरीचा दोष."

"नाही. हेच विहिरीचं पाणी चार वर्षं बंबात तापतंय. बंबाला आतून काही धरलेलं नाही. तेव्हा गाडीत विहिरीचं पाणी जात नव्हतं. जे जात होतं ते बाहेरून येत होतं. रघू, दर सोमवारी डबे कोण आणायचं?"

सगळ्यांनी लवूकडे पाहिलं. लवूला काहीच कळलं नाही. त्यानं मान हलवली. "व्हय, मीच आनायचो."

"त्याचं चांदीचं कडं पाहा. आठ दिवसांत काळं पडतं. चांदीला असं काळं करणारं पाणी आपल्या जिल्ह्यात मोजक्या ठिकाणी आहे. गंधकाचं पाणी. हे घ्या, वास घ्या." मुकादमांनी बाटलीचं बूच काढलं. "तुरळच्या कुंडातलं. जमिनीतून उकळत येतं. त्या झऱ्याला आपले लोक काय म्हणतात, मास्तर?"

मास्तरांचा चेहरा पडला. "उन्हाळं," ते हळू म्हणाले. "उन्हाळ्याचं पाणी."

फौजदारांनी बाटली नाकाशी नेली.

"हमीद मुंबईत शिकलेला. पाडव्याच्या सुमाराला तो म्हणाला, उन्हाळ्याचं पाणी रोज घाल. त्याच्या मनात, उन्हाळ्याचे दिवस आले, आता ऊन वाढेल, पाणी कमी पडू देऊ नकोस. लवू झऱ्याच्या गावचा. तिथं त्या पाण्यानं लोकांची खरूज जाते, सांधे मोकळे होतात. त्याला वाटलं, मिस्त्री गाडीला तेच औषध सांगतोय. काल त्यानं मला शब्दन् शब्द सांगितला, थंडीतही चुकलो नाही म्हणाला. थंडीतही! मी तिथंच ओळखायला हवं होतं. मीही हमीदसारखंच ऐकलं."

"आठवड्याला दोन डबं," लवू म्हणाला. तो अजून समजावून सांगत होता. "येशटीवाला घेऊ देत नसायचा, पाया पडून आनायचो. विहिरीचा घातला असता तर सोपा होता. पन मिस्त्रीनं सांगितलान..." मग बोलता बोलता त्याला कळलं. तो तिथंच खाली बसला आणि खांबावर डोकं आपटू लागला. रघूनं त्याला मागून धरलं.

"म्हणजे कुणीच नाही?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"हमीद रेडिएटर उतरवू दे म्हणाला होता. मी शिकारीला जाणार होतो." भाऊसाहेब स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग फौजदारांना म्हणाले, "सोडा त्याला. आणि तुम्ही सगळे आता जा."

कोठडीचं दार उघडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. हमीद बाहेर आला. मासूमानं धुतलेला सदरा पुढं केला. त्यानं तो घेतला, पण घातला नाही.

"काय निघालं?" त्यानं मुकादमांना विचारलं.

मुकादमांना खोटं सांगता आलं असतं. मास्तरांनी तशी खूणही केली. पण गावात संध्याकाळपर्यंत ते पोरासोरांच्या तोंडी आलं असतं. त्यांनी सगळं सांगितलं.

हमीद चौकीच्या पायरीवर बसला.

"विहिरीचं घाल, एवढं म्हणालो असतो तर," तो म्हणाला. मग वर पाहिलं. "करीमभाई, गोदीत तुमची ओळख आहे. मला जहाजावर लावून द्या. इंजिनावर नको. डेक धुवायला. जिथं मला कुणाला काही सांगावं लागणार नाही. उद्याच्या बोटीनं निघतो."

"आणि परत कधी येशील?" मास्तर म्हणाले.

हमीद उठला आणि बंदराच्या रस्त्याला लागला. घर उलट्या बाजूला होतं.

मासूमा त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहत उभी राहिली.

"करीमभाई," ती म्हणाली, "कोठडीत होते तोवर निदान कुठं आहेत ते मला ठाऊक होतं."