पाण्याकडं गेलेलं रडणं

राजेश्वरी बाळंतपणाला डाळजला माहेरी आली तेव्हा जानेवारीतली थंडी होती. भिगवणच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. घराच्या मागं पेरूची बाग, बागेपलीकडं ऊस, आणि ऊस संपला की उजनी धरणाचं पसरलेलं पाणी.

राजेश्वरी बारामतीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. रिपोर्ट हातात आल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे. पोर किती वेळा प्यायली, किती दुपटी ओली केली, सगळं ती मोबाईलमध्ये टिपून ठेवी. आई छबूबाई हसायची. "आमी चार वाढवली, एकाचंबी मोजलं न्हाय."

पाचवीची पूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. भर दुपार होती. पोर मांडीवर झोपली होती आणि पेरूच्या बागेतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

थंडीत त्या पाण्यावर नाना तऱ्हेचे पक्षी उतरतात. त्यातलाच एखादा असेल, असं राजेश्वरीला वाटलं. तेवढ्यात छबूबाई पिठाच्या हातांनी धावत आली.

"का रडतीय गं एवढी?"

दोघींनी मांडीवर बघितलं. पोरीचं तोंड मिटलेलं होतं. छबूबाई परत गेली, आणि चुलीवरची भाकरी करपल्याचा वास घरभर झाला.

दुसऱ्या दिवशी रडणं बागेच्या टोकाकडून आलं. त्याच्या पुढच्या दिवशी उसातून. त्याच दिवसांत पोर शांत होत गेली. शेजारची तानूबाई कौतुकानं म्हणाली, "शानी हाय बाय, त्रास म्हनून देत न्हाय." राजेश्वरीनं मोबाईल उघडला. पहिल्या आठवड्यात पोर दिवसातून दहा वेळा पीत होती. काल पाच वेळा. आज सकाळपासून दोनदाच.

अकराव्या दिवशी पोरीचे पाय गार लागले. छातीला लावलं तर ओठ हलेनात. आणि लांबून, उसाच्याही पलीकडून, पाण्याच्या कडेनं रडण्याचा आवाज येत होता.

राजेश्वरी उठली. "आई, गाडी बोलव. बारामतीला जायचं."

"अगं, उद्या बारसं हाय. पाव्हणं येत्याल."

"बारसं राहू दे. पोर जगली तर रोज बारसं करू."

पोरीला उघड्या छातीशी धरून, वरून शाल गुंडाळून ती गाडीत बसली. वाटेत तिनं एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोरीला लगेच काचेच्या खोलीत घेतलं. रक्तात जंतुसंसर्ग होता. संसर्ग किती ते सांगणारा सीआरपीचा आकडा बघून राजेश्वरीला कुणी काही समजावण्याची गरज उरली नाही. "वेळेवर आणलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अर्धा दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं."

नवरा ऋषिराज सासरहून, कन्हेरीहून, शेतातल्या कपड्यांवरच आला होता. औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंगात ऊब आली, श्वास बरा झाला, पण पोर डोळे उघडेना. सुई टोचली तरी रडेना.

"औषध लागू पडतंय," डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "पण हिनं रडायला पाहिजे."

दहाच्या सुमाराला छबूबाईचा फोन आला.

"राजी, पान्याच्या कडंला लई रडतंय गं. आता पान्यात आत निघालंय."

राजेश्वरी ऋषिराजला जिन्याकडं घेऊन गेली. तिनं त्याला सगळं सांगितलं, बागेपासून पाण्यापर्यंत. तो हसेल असं तिला वाटलं होतं.

"मी पाचवीला आलो न्हवतो का," तो हळूच म्हणाला. "निघताना मलाबी ऐकू आलं हुतं. तुला सांगितलं न्हाय."

त्यानं गाडीची किल्ली घेतली.

पाऊण तासानं त्याचा फोन आला. वाऱ्याचा आवाज होता, पाण्याचा होता, आणि त्यामागं रडणं. राजेश्वरीनं काचेतून आत बघितलं. पोर निपचित पडली होती. तोंड मिटलेलं.

"मी पान्यात उतरलोय," ऋषिराज म्हणाला. "जवळ गेलं की लांब जातंय."

"हाक मारा."

"काय म्हनून मारू? नाव कुठं ठेवलंय आपन?"

बारशाला कुटुंबातली सगळी मिळून नाव ठरवणार होती. राजेश्वरीनं काचेवर तळहात टेकवला.

"स्वरूपा," ती म्हणाली. "स्वरूपा, घरी चल म्हणा."

त्यानं हाक मारली. फोनमध्ये ती घुमली.

रडणं थांबलं.

फोन कट झाला.

राजेश्वरी हात धुऊन आत गेली. पोरीच्या मुठीत बोट घालून उभी राहिली. मूठ सैल होती. घड्याळात दहा मिनिटं गेली. वीस. पोरीच्या कानाशी वाकून ती एकच नाव घेत राहिली.

चाळीस.

खाली फाटकातून मोटरसायकल आत आल्याचा आवाज आला.

मूठ आवळली.

पोरीचं कपाळ आक्रसलं, तोंड लालबुंद झालं, आणि ती रडली. अशी रडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उभी राहिली. नर्स हसायला लागली. डॉक्टरबाई धावत आल्या आणि दारातच थांबल्या. राजेश्वरी पोरीवर ओणवी होऊन ओरडत होती, "रड! रड माझी बाय, आणखी रड!"

ऋषिराज जिन्यातून वर आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. ते रडणं ऐकून तो तिथंच पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दहाव्या दिवशी घरी सोडलं. कन्हेरीत दणक्यात बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, तानूबाई डाळजहून खास पाळणा म्हणायला आली. दोन महिन्यांची झाली तेव्हा स्वरूपाचं वजन साडेचार किलो भरलं. डॉक्टरबाईंनी तिला उचलून सगळ्या नर्सना दाखवलं. तिचं रडणं पार रस्त्यापर्यंत जायचं, आणि दर वेळी राजेश्वरीला कुणीतरी विजयाचा नगारा वाजवल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी तपासणीहून घरी आल्यावर दोघं ओसरीवर बसली होती. पोर भुकेनं रडत होती. राजेश्वरीनं तिला हसत हसत मांडीवर घेतलं.

"त्या दिवशी गाडीवर कसं आणलंत हो हिला? कधी सांगितलं नाहीत."

"मागं वजन न्हवतं," ऋषिराज म्हणाला. "मानंवर नुसता गार श्वास लागत हुता. मी मागं वळून बघितलं न्हाय."

त्यानं पोरीकडं बघितलं.

"राजे, मी नाव घिऊन हाक मारली ना, तवा दोघींनी ओ दिली."

"दोघींनी?"

"व्हय. पान्यात दोघी हुत्या. आली एकच."

राजेश्वरीनं मान खाली घातली. मांडीवरची पोर रडायची थांबली होती. ती एकटक बापाच्या तोंडाकडं बघत, तो पुढं काय सांगतो ते ऐकत होती.